मनिऑर्डरीवरचा तालुका

परदेशी जाणाऱ्या डॉक्टर-इंजिनिअरांमुळे देशाचे काय नुकसान होते, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. मला हा प्रश्न आमच्या चंदगड तालुक्यातच दिसतो. इथला तरुण मुंबईला गेला, गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहिला आणि गिरणीत साचे चालवायला शिकला. त्याच्या मनिऑर्डरीने सावकाराचे कर्ज फिटले, घरावर कौले चढली. शेती मात्र बायकांनी ओढली. त्या कष्टांचा हिशेब कुणी मांडलाच नाही! १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हजारोंना पुन्हा काम मिळालेच नाही. गावी परतलेल्यांच्या हातात साचेखात्याचे कसब होते, पण तालुक्यात कापडगिरणी नव्हती. त्यांची मुले पुढे गोव्याच्या एसटीत बसली.