सुकाणूच्या पेटीचा श्वास



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास म्हटला की शिवकाल, पेशवाई, फार तर सत्तावनचा उठाव, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. पण ज्या वस्तूवर आपण रोज आपला जीव सोपवतो, तिलाही इतिहास असतो. आज सकाळी आपल्यापैकी कित्येकजण बसने किंवा स्वतःच्या मोटारीने इथवर आले असतील. ड्रायव्हरने चाक फिरवले आणि गाडी वळली. ह्या दोन क्रियांच्या मध्ये लोखंडाची एक लहानशी पेटी असते. कारखान्यात तिला स्टेअरिंग बॉक्स म्हणतात. त्या पेटीतले तेल बाहेर येऊ नये, बाहेरचे पाणी आत जाऊ नये, आणि तरीही पेटीला श्वास घेता यावा, ह्यासाठी माणसाने गेली सव्वाशे वर्षे जी खटपट केली, ती आज सांगावयाची आहे. मी शाळा लवकर सोडली. माझे शिक्षण कामगारांच्या पाळ्यांत आणि वाचनालयांत झाले. तेव्हा ही गोष्ट मी कारखान्याच्या भाषेतच सांगेन.

आरंभी ही पेटी नव्हतीच. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेली तीन चाकांची गाडी एका हाताच्या दांड्याने वळवावी लागे. १८९४ साली पॅरिस ते रूआँ ही मोटारींची शर्यत झाली. तीत अल्फ्रेड व्हाशरों यांनी आपल्या पानार गाडीला गोल चाक बसवले होते. दांडा गेला, चाक आले. पण गाड्या जड होऊ लागल्या, वेग वाढला, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ड्रायव्हरच्या मनगटाला हिसका देऊ लागला. तेव्हा चाक आणि रस्ता ह्यांच्या मध्ये दात्यांची एक जोडी घालणे भाग पडले. दांड्यावर मळसूत्रासारखे आटे काढायचे आणि त्यांत दातेरी चकतीचा तुकडा अडकवायचा. चाक बरेच फिरवावे तेव्हा पुढची चाके थोडी वळतात, म्हणून हाताला जोर कमी लागतो. शिवाय खड्ड्याचा धक्का उलट वर येताना बराचसा मधेच विरतो. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीत हे दाते चाकाच्या लगेच खाली, दांड्याच्या डोक्याशी होते. इतर बहुतेकांनी ते खाली चौकटीजवळ, लोखंडी पेटीत बंद केले. पुढे अमेरिकेत रॉस कंपनीने मळसूत्री खाचेत खुंट्या फिरवण्याची रचना रूढ केली. १९४० साली कॅडिलॅक गाडीत आटे आणि नट ह्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या फिरत्या ठेवणारी पेटी आली, आणि चाक आणखी हलके झाले.

पण धातूवर धातू घासला की झीज आली. झीज टाळावयाची तर तेल हवे, आणि तेल आले की ते राखण्याचा प्रश्न आला. पेटीतून एक शाफ्ट बाहेर येतो. त्याला लावलेला ड्रॉप आर्म पुढच्या चाकांच्या सळ्या ओढतो. हा शाफ्ट बहुधा पेटीच्या तळाशी असतो आणि तेलाची धाव तर खालीच असते. शाफ्ट घट्ट आवळून धरावा तर चाक जड होते; सैल ठेवावा तर तेल गळते. एवढ्यावरच भागत नाही. पेटीत तेलाच्या वर हवा असते. आपल्या उन्हाळ्यात, इंजिनाच्या धगीशेजारी, ही पेटी २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापली असे धरू. बंद जागेतल्या हवेचा दाब तेवढ्याने सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७० ग्रॅमचा रेटा. हा रेटा तेलाला खालच्या सीलमधून बाहेर ढकलतो. म्हणून पेटीच्या डोक्यावर, तेल भरण्याच्या बुचातच, एक बारीक भोक ठेवण्याची रीत पडली. त्याला ब्रीदर म्हणतात. पुष्कळ जुन्या गाड्यांत तर स्टेअरिंगची उभी नळीच वरून मोकळी असे आणि तीच पेटीचे नाक बने.

आता सीलकडे वळू. आरंभीची सीले कातड्याची असत. तेलात मुरवलेल्या कातड्याची कडा शाफ्टला चिकटून राही. हे काम चांभाराच्या विद्येचे होते, आणि आधुनिक सीलचा उगमही एका कातडे कमावण्याच्या कारखान्यातच झाला. जर्मनीत वाइनहाइम येथे १८४९ साली सुरू झालेला फ्रॉइडेनबर्ग यांचा हा कारखाना. १९२९ च्या मंदीने कातड्याचा बाजार बसला, तेव्हा त्यांनी यंत्रांसाठी कातडी सीले करावयास घेतली. वाल्टर झिमर ह्या इंजिनिअरने कातड्याची कडा धातूच्या कड्यात बसवून आणि स्प्रिंगने आवळून तयार सील बनवले. ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. १९३६ च्या सुमारास कातड्याची जागा तेलाने न फुगणाऱ्या कृत्रिम रबराने घेतली. आज ज्याला आपला प्रत्येक मेकॅनिक ऑइल सील म्हणतो, त्याचे घराणे हे.

ह्या घराण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाझी राजवटीत बुटांच्या तळव्यांसाठी नवे कृत्रिम पदार्थ पारखावयाचे होते. त्यासाठी साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत एक खास वाट बांधलेली होती. तीवरून कैद्यांना दिवसाला ३० ते ४० किलोमीटर चालवीत. फ्रॉइडेनबर्गचे पदार्थही तेथे पारखले गेले. कंपनीने स्वतः इतिहासकाराकडून लिहवून घेतलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे आले आहे. ज्या प्रयोगशाळांनी यंत्राचा एक थेंब तेल वाचवला, त्याच काळात त्यांच्या भोवती माणसाच्या घामाची आणि रक्ताची किंमत कशी होती, हे शोधाच्या इतिहासातून वगळता येत नाही.

मग महायुद्ध आले आणि गाड्यांना समुद्रात उतरावे लागले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर हजारो वाहने बोटींतून उतरून, छातीभर पाण्यातून वर काढावयाची होती. येथे ब्रीदरचा प्रश्न एकदम उलटला. आतली हवा बाहेर पडावी म्हणून जे भोक ठेवले, त्यातून आता पाणी आत येणार. एक मीटर खोल पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम. पण खरा शत्रू वेगळाच आहे. ७० अंशांवर तापलेली पेटी एकदम थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते. ती २० अंशांवर आली आणि भोक बंद असले, तर सुमारे १५० ग्रॅमची ओढ निर्माण होते. म्हणजे मीटरभर पाण्याच्या दाबाहून मोठी. आणि सीलची कडा आतले तेल अडवण्यासाठी आतल्या बाजूला वळलेली असते. बाहेरून आत येणाऱ्या पाण्याला ती तितकीशी अडवीत नाही. पाणी शिरले की तेल दुधासारखे पांढरे होते, बेअरिंग गंजते, आणि काही आठवड्यांनी चाकात ढिलाई येते.

सैन्याने ह्यावर तात्पुरता उपाय केला. ग्रीस आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू एकत्र मळून केलेला लगदा भोकांवर आणि सांध्यांवर थापायचा, किनाऱ्यावर चढले की लगेच तो काढून भोके मोकळी करायची. काढावयास विसरले की आतला दाब चढून तेल गळणार. युद्धानंतर अमेरिकेने १९५० पासून काढलेल्या एम-३८ जीपमध्ये अधिक शहाणपणाचा मार्ग धरला: भोक बुजवण्याऐवजी त्याला नळी जोडावी आणि ती नळी पाण्याच्या वर, हवेच्या गाळणीपर्यंत न्यावी. गिअरबॉक्ससारख्या अवयवांच्या श्वासनळ्या तशा जोडल्या गेल्या. श्वास बंद न करता नाक उंच केले, एवढेच.

त्या ॲस्बेस्टॉसच्या लगद्याविषयी एक शब्द. तो हातांनी मळला जाई, हातांनी थापला जाई, हातांनी खरवडला जाई. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले की रोग वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. ब्रिटनने त्यावर पूर्ण बंदी घातली ती १९९९ साली. गाडीला श्वास मिळावा म्हणून ज्यांनी हे काम केले, त्यांच्या श्वासाचा हिशेब कोणत्याही विजयस्तंभावर कोरलेला नाही.

आपल्याकडे ही विद्या कशी आली? मुंबईत बेस्टची पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि तिच्यासोबत रॉसची ती खुंट्यांची पेटी आपल्या मिस्त्रींच्या हाती आली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस. टी. सुटली. मग गावोगाव आगारे झाली. घाटात, धुळीत, ओढ्यांच्या पाण्यात चालणाऱ्या गाड्यांनी आपल्या फिटरांना जे शिकवले, ते कोणत्याही छापील पुस्तकात नव्हते.

ह्याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. १९९८ च्या सुमारास एका वाहतूक संस्थेच्या कार्यशाळेत रंगकाम होऊन आलेल्या काही गाड्यांच्या स्टेअरिंग बॉक्समधून तेल गळू लागले. एका फिटरने तीनतीनदा सील बदलले; गळती थांबेना. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्याला आरोपपत्र मिळाले आणि वेतनवाढ रोखण्याची भाषा सुरू झाली. युनियनतर्फे चौकशीत मी त्याच्या बाजूला बसलो होतो. त्याने फारसे भाषण केले नाही. तेलाची दोन बुचे त्याने टेबलावर ठेवली, एक जुन्या गाडीचे आणि एक रंगवून आलेल्या गाडीचे, आणि साहेबांना म्हणाला, “साहेब, दोन्हींतून फुंकून बघा.” पहिल्यातून वारा गेला, दुसऱ्यातून गेला नाही. फवाऱ्याच्या रंगाने ब्रीदरचे भोक बुजले होते. गाडी तापली की दाब वाढे आणि नवे सीलही तेल सोडून देई. आरोपपत्र मागे घेतले गेले. महिनाभराने परिपत्रक निघाले की रंगकामापूर्वी बुचावर कागद चिकटवावा. त्या परिपत्रकात फिटरचे नाव नव्हते.

हे काही एकट्याचे दुर्दैव नव्हे. नील्स क्रिस्टेन्सन ह्या डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या यंत्रज्ञाची हकिगत पाहा. १९३७ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्याने रबराच्या साध्या गोल कड्याच्या, म्हणजे आजच्या ओ-रिंगच्या, पेटंटसाठी अर्ज केला. १९३९ साली ते मिळाले. युद्ध आले, सरकारने ते पेटंट ताब्यात घेऊन सर्व कारखान्यांना खुले केले आणि म्हाताऱ्याच्या हातावर ७५,००० डॉलर ठेवले. देशाला गरज होती हे खरे. पण त्या कड्यावर कारखानदारांनी पुढे किती कमावले ह्याला गणती नाही. १९५२ साली तो वारला. १९७१ साली त्याच्या वारसांना आणखी एक लाख डॉलर मिळाले. फ्रान्सिस डेव्हिसचेही तसेच. त्याने १९२६ सालीच तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टेअरिंग गाडीत बसवून दाखवले. क्रायस्लरने ते १९५१ साली बाजारात आणले, आणि त्यात डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांचा आधार होता.

पॉवर स्टेअरिंगने पेटीचे रूपच पालटले. आत पंपाच्या तेलाचा प्रचंड दाब आला, तेव्हा पेटीला भोक ठेवणेच अशक्य झाले. ब्रीदर तेथून उठला आणि तेलाच्या डब्याच्या झाकणात जाऊन बसला. पुढे लहान मोटारींत पेटी जाऊन दातेरी पट्टी आली. १९८३ साली आलेली मारुती ८०० ही ह्याच जातीची. पट्टीच्या दोन्ही टोकांना रबराचे भाते असतात. चाक डावीकडे वळवले की एक भाता दबतो आणि दुसरा ताणतो. म्हणून पुष्कळ गाड्यांत दोन्ही भात्यांना जोडणारी एक नळी ठेवलेली असते, आणि ह्या भात्याचा श्वास त्या भात्यात जातो. १९८८ साली जपानात सुझुकीच्या सर्व्हो गाडीत विजेवर चालणारे स्टेअरिंग आले. तेल गेले, तरी प्रश्न गेला नाही. कारण विजेच्या उपकरणांची पेटीसुद्धा तापते आणि थंड होते. तेथे आता सूक्ष्म छिद्रांचा एक पडदा लावतात. त्यातून हवा जाते, पाण्याचा थेंब जात नाही. ज्या पदार्थाचा तो बनतो, तो बॉब गोर यांनी १९६९ साली शोधला. पोलादाच्या भोकापासून ह्या पडद्यापर्यंत प्रश्न एकच राहिला: काय आत ठेवावे, काय बाहेर जाऊ द्यावे.

ह्यातून आपण नागरिकांनी काय घ्यावे? ड्रायव्हर जेव्हा लॉगशीटवर “चाक जड” किंवा “चाकात ढिलाई” असे दोन शब्द लिहितो, तेव्हा त्यामागे ही सारी शृंखला असते: बुजलेले भोक, गळलेले तेल, झिजलेला दाता, आणि शेवटी वळणावर न वळणारी गाडी. ते दोन शब्द वाचले गेले पाहिजेत. गाडी वेळेवर का सुटली नाही असे आपण आगारप्रमुखाला विचारतो. तीत बसण्यापूर्वी ती तपासली गेली का, हेही विचारावे. आणि ज्याच्या हाताने ती तपासली, त्याचे म्हणणे नोंदवहीत त्याच्या नावानिशी लिहिले जावे, एवढा आग्रह आपण धरावा. त्याला खर्च एका ओळीच्या शाईचा आहे, आणि त्यावर बसभर माणसांचा जीव अवलंबून आहे.