परीक्षकाच्या खुर्चीत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमचं चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्याचं गाव. दिवाळीच्या आगेमागे या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असतो. अशा मुलखात लघुपटांची स्पर्धा होईल आणि एक बी.ए. झालेला कवी तिचा परीक्षक असेल, असं कुणी म्हटलं असतं तर मीच हसलो असतो. पण २०१२ साली तसं झालं. एका स्थानिक केबल वाहिनीनं हौशी दिग्दर्शकांची स्पर्धा घेतली. आम्ही तिघे परीक्षक. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धांमुळे ‘महागुरू’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला होता. आम्हालाही शाल, बुके आणि फिरती खुर्ची मिळाली. समोर छापील तक्ता होता. कथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, प्रत्येकी वीस गुण.

एका ऊसतोड जोडप्याच्या पोरानं मोबाइलवर सहा मिनिटांचा लघुपट केला होता. पहाटेचा अंधार, कोपीपुढं पेटलेली चूल, मग ट्रकला लावलेली फळी. डोक्यावर मोळी घेऊन त्याची आई फळी चढते, मोळी टाकते, उतरते, पुन्हा चढते. संवाद नाहीत. सगळ्या चित्रावर वाऱ्याचा घरघराट. ध्वनीला मी वीसपैकी चार गुण दिले आणि कॅमेऱ्यासमोर, जरा ऐटीतच, म्हणालो, “बाळा, आवाजाकडे लक्ष दे.”

तो म्हणाला, “वारं होतं, सर.”

प्रेक्षक हसले. मीही हसलो. पहिलं बक्षीस हुंडाबळीवरच्या एका स्वच्छ, घोटीव लघुपटाला गेलं.

घरी आल्यावर मात्र ते हसू टिकलं नाही. सिनेमाचा इतिहास मी हौसेनं वाचलेला. तो तक्ता आपल्या पूर्वसुरींना लावला तर काय होईल, असं मनात आलं. ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकारानं परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा, १९०१ साली, त्यांच्या स्वागताचंही चित्रण याच गृहस्थानं केलं. कथा नाही, ध्वनी तर नाहीच. माझ्या तक्त्यावर सावेदादा सरळ नापास!

आणि दादासाहेब फाळके? १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपटाला पैसा हवा होता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यापुढं कॅमेरा रोखून ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर रोप मिनिटाभरात वर आलं. हा लघुपट त्यांनी यशवंतराव नाडकर्णींना दाखवला. मला विचाराल तर आपल्याकडच्या लघुपटाचे हे पहिले परीक्षक. त्यांच्या हातात तक्ता नव्हता, खिशातला पैसा मात्र पणाला लागणार होता. त्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले, आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. वाटाण्याच्या त्या रोपाला ‘दिग्दर्शन’ या रकान्यात मी किती गुण दिले असते, कोण जाणे.

टीव्हीवर दिग्दर्शकांची स्पर्धा घ्यायचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. २००७ साली स्पीलबर्ग यांनी ‘ऑन द लॉट’ हा कार्यक्रम काढला. हजारो लघुपट आले. कॅरी फिशर, गॅरी मार्शल यांच्यासारखी जाणती मंडळी परीक्षक होती, मतं प्रेक्षकांची आणि बक्षीस दहा लाख डॉलरच्या कराराचं. एका हंगामात कार्यक्रम आटोपला. पैसा, परीक्षक, प्रकाशझोत, सगळं होतं.

आपल्याकडं त्याच सुमारास काय चाललं होतं? मालेगावात शेख नासिर यंत्रमागावरच्या पोरांना घेऊन सिनेमे करत होते. ‘मालेगाव के शोले’ २००० सालचा. सायकलीची ट्रॉली, बैलगाडीची क्रेन. आणि आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, अहमदनगरला (आता अहिल्यानगर), नागराज मंजुळे नावाचा कवी शिकता शिकता ‘पिस्तुल्या’ करत होता. शाळेत जाऊ पाहणाऱ्या पारधी पोराची गोष्ट. दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला २०१० सालासाठी मिळाला. दिल्लीच्या परीक्षकांनी ती पाहिली, ऐकली. मी तर गेवराईचा. ऊस तोडणाऱ्या बाईचा श्वास वाऱ्यात मिसळलेला मला ऐकू यायला हवा होता.

इथं एक जुनी गोष्ट सांगतो. आठवीत मी काव्यवाचन स्पर्धेत उतरलो होतो. घरात आमची दखनी बोली, गल्लीत गेवराईची मराठी. परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, कविता चांगली आहे, पण उच्चार शुद्ध कर. गुण कापले. पुढं कित्येक महिने मी आईशी बोलतानाही शब्द तपासून बोलायचो. ती म्हणायची, “क्या रे, मेरेसेबी किताबी बोलतंय?” हे ज्याच्यावर गुदरलं त्यानंच वीसपैकी चार दिले.

दोन वर्षांनी तो पोरगा गेवराईच्या बसस्थानकावर भेटला. आता सर नाही, चाचा म्हणाला. मी चहा घेतला आणि तो लघुपट पुन्हा पाहायचाय म्हणालो. त्याचा मोबाइल ट्रकमधून पडून फुटला होता, कार्ड त्यातच गेलं. वाहिनीनंही कॅसेट-सीडी काही ठेवलं नव्हतं.

“चाचा, एक विचारू? आवाज पार बंद करून दिला असता, तर गुण वाढले असते का?”

वाढले असते. घरघर ऐकू आली नसती तर मी बारा-तेरा सहज दिले असते. तसं मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ चहाचा कप फिरवत राहिला. मग त्याची पाथर्डीची गाडी लागली.