दाखल मनोरुग्णाला मानसिक आधार : घरच्यांनी काय जाणून घ्यावे?

किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशीम) : ताप आला तर आपण लगेच डॉक्टरकडे धावतो. पण घरातला मुलगा रात्र रात्र झोपत नाही, एकटाच बोलत बसतो, जेवण सोडतो, तेव्हा पहिली धाव ताविजसाठी असते. महिने निघून जातात. शेवटी दवाखान्यात दाखल करावं लागतं आणि घरचे म्हणतात, "आता डॉक्टर बघतील." इथेच चूक होते. गोळ्या डॉक्टर देतील, पण रुग्णाला धीर वॉर्डाने आणि घराने मिळून द्यायचा असतो.

कुठे जावे?

राज्यात नागपूर, ठाणे, येरवडा (पुणे) आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. विदर्भासाठी नागपूरचे, पण ते आपल्याकडून 200 किलोमीटरहून लांब. म्हणून आधी वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. टेली मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

वॉर्डात आधार म्हणजे काय?

आजार जोरात असताना लांबलचक समुपदेशन उपयोगाचे नसते. तेव्हा झोप, जेवण, सुरक्षितता आणि शांत शब्दांत थोडं बोलणं एवढंच पुरे. थोडा फरक पडला की मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवा अधीक्षक आणि परिचारिका रुग्णाशी एकट्याने व गटात बोलतात, हाताला काम देतात, आजार समजावून सांगतात. घरच्यांनी या बैठकांना हजर राहावे. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांसोबत नातेवाइकांना तंबूत राहू दिले. पुढे वेल्लोरच्या दवाखान्यातही कुटुंबाला सोबत ठेवण्याची पद्धत रुजली.

रुग्णाचे हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्यानुसार :

- साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे.
- भूल न देता विजेचे झटके देता येत नाहीत.
- दवाखान्याच्या वेळेनुसार रुग्णाला भेटता येते, फोन करता येतो. भेट नको असेल तर नाही म्हणण्याचाही त्याला हक्क आहे.
- त्याची माहिती गुप्त ठेवावी लागते.
- आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती तो स्वतः नेमू शकतो.

दवा आणि दुआ

6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रमात आग लागली. साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताच आलं नाही. याउलट गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून 'दवा आणि दुआ' उपक्रम चालतो. तिथे मुजावरच जायरीनला डॉक्टरकडे पाठवतात. दुआ करायला कोणी मना करत नाही, पण तिच्यासाठी इलाज थांबवू नये.

भेटीला जाताना

- "तू असं का केलंस?" असं विचारू नका. "झोप लागली का? काय खाल्लं?" एवढंच विचारा.
- त्याला येणारे आवाज खोटे आहेत म्हणून वाद घालू नका. "तुला त्रास होतोय, हे मला दिसतंय," असं म्हणा.
- नमाजची सोय, हलाल जेवण, स्त्री रुग्णाचा पर्दा यांबद्दल परिचारिकेला सुरुवातीलाच सांगा.
- रोजा ठेवायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लिथियमची गोळी चालू असताना शरीरातलं पाणी कमी झालं तर ती विषासारखी बाधू शकते.
- "उद्या घरी नेतो" असं खोटं आश्वासन देऊ नका.

घरी परतल्यावर

सुट्टी होण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्या : गोळ्यांच्या वेळा, पुढची तारीख, आजार परत उलटतोय हे ओळखण्याच्या खुणा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. मरण्याची भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

लग्नं अडतील म्हणून आजार लपवला जातो आणि बरा झालेला माणूसही वॉर्डातच राहतो. अम्मी-अब्बा दर आठवड्याला जाऊ शकले नाहीत तरी चालेल, पण ठरलेल्या दिवशी फोन जायलाच हवा. घरी कोणीतरी आपली वाट पाहतंय, हे त्याला कळलं पाहिजे.