धावण्याचे बूट

सडकेवरील नित्याच्या सरावासाठी वापरण्यात येणारे, तळात मऊ व स्थितिस्थापक थर असलेले पादत्राण. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीची प्रतिक्रिया शरीराच्या वजनाच्या सु. दोन ते तीन पट असते. तिचा आघात सौम्य करणे हे या थराचे कार्य मानले जाते. तो ते कितपत करतो, हा मात्र सु. चार दशके वादाचा विषय होऊन राहिला आहे.

शर्यतीचे बूट याहून जुने होत. इंग्लंडमधील बोल्टन येथे जोसेफ विल्यम फॉस्टर यांनी १८९५ च्या सुमारास खिळ्यांचे बूट बनविले. हे बूट धावपट्टीसाठी असून त्यांत वजनाचा हलकेपणा व पकड यांनाच महत्त्व होते. सडकेवरचे धावपटू पातळ रबरी तळाच्या साध्या बुटांवर भागवीत. इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने १९६० मध्ये रोम येथील ऑलिंपिक मॅराथॉन अनवाणी जिंकली आणि १९६४ मध्ये टोकिओ येथे बूट घालून, सु. तीन मिनिटे कमी वेळात, पुन्हा जिंकली. यावरून बुटाविषयी काहीच सिद्ध होत नाही. तरीही दोन्ही पक्ष त्याचाच दाखला देतात.

उशीदार तळाची गरज भासली ती धावणे सामान्य माणसाचा व्यायाम झाल्यावर. ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियर्ड यांचे मंद धावण्याचे वर्ग पाहिले आणि १९६३ पासून अमेरिकेत त्यांचा प्रसार केला. मध्यमवयीन, क्वचित स्थूल अशा या नव्या धावकांसाठी टाचेपासून चवड्यापर्यंत मऊ थर असलेले बूट तयार होऊ लागले. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास स्पंजासारख्या रबराऐवजी एथिलीन-व्हिनिल ॲसिटेट या बहुवारिकाचा हलका, सच्छिद्र थर प्रचारात आला.

याच सुमारास ‘रनर्स वर्ल्ड’ या अमेरिकन मासिकाने बुटांचे परीक्षण सुरू केले. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील पीटर कॅव्हना यांनी त्यास प्रयोगशाळेची जोड दिली. क्रमवारीचा विक्रीवर मोठा परिणाम होई, त्यामुळे ती वादग्रस्तही ठरली. पुढे रूढ झालेल्या प्रमाणित चाचणीत ८·५ किग्रॅ. वस्तुमान काही सेंमी. उंचीवरून टाचेच्या भागावर पाडून निर्माण होणारा त्वरण मोजतात. ही पद्धत सोपी व पुनरावृत्तीस योग्य आहे. पण वजनाला गुडघा नसतो. माणूस तळाच्या कठीणपणानुसार आपली चाल नकळत बदलतो. क्लार्क, फ्रेडरिक व कूपर यांनी १९८३ मध्ये मऊ व कठीण बुटांनी धावणाऱ्यांचे बलमापन केले, तेव्हा आघाताच्या कमाल बलात उल्लेखनीय फरक आढळला नाही.

झिजेची गोष्टही अशीच आहे. कुक व सहकाऱ्यांच्या १९८५ च्या अभ्यासात यंत्रावर सु. ८० किमी. इतक्या वापरानंतर बुटाची आघातशोषणक्षमता मूळच्या ७५ टक्क्यांवर, तर ४०० ते ८०० किमी. नंतर ६० टक्क्यांखाली आली. माणसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या बुटांत मात्र ८०० किमी. नंतरही ती सु. ७० टक्के उरली होती.

खरा प्रश्न दुखापतींचा होता. लक्झेंबर्गमध्ये २४७ धावकांवर झालेल्या प्रयोगात (२०१४) तळाच्या कठीणपणाचा दुखापतींशी संबंध दिसला नाही. तेथेच ८४८ धावकांना बाह्यतः सारखे, पण कठीण वा मऊ तळाचे बूट, कोणते ते न सांगता देऊन सहा महिने नोंदी ठेवण्यात आल्या (२०२०). त्यांत कठीण बूट वापरणाऱ्यांत दुखापतींचा धोका सु. दीडपट आढळला. विशेष म्हणजे मऊ तळाचा लाभ वजनाने हलक्या धावकांना झाला. भारी माणसाला जाड उशी हवी, हा विक्रेत्यांचा जुना सल्ला त्यातून पुष्टी पावला नाही.

दरम्यान अनवाणी धावण्याची लाट येऊन ओसरली व २००९ नंतर अतिजाड तळाचे बूट रूढ झाले. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये सडकेवरील शर्यतींसाठी तळाच्या जाडीवर ४० मिमी. ची मर्यादा घातली. ती स्पर्धांपुरती असून सरावाच्या बुटांना लागू नाही.