परत आलेले वादपत्र

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे आहे. तथापि देवस्थानच्या जमिनीवर कोणी हक्क सांगू लागल्यास पंचमंडळींना ती पायरी चढावीच लागते. अशा वेळी "हा दावा या कोर्टाच्या अधिकारात नाही" असा शेरा मारून वादपत्र परत मिळाले, की दावा बुडाला असा गावात बभ्रा होतो. ही समजूत चुकीची असून त्यापायी हातचा हक्क जाण्याची वेळ येते. म्हणून या तरतुदीचा पूर्वेतिहास पाहणे इष्ट ठरेल.

इंग्रजी अमदानीत १८५९ साली पहिली दिवाणी संहिता झाली. १८७७ च्या संहितेतील कलम ५३९ अन्वये सार्वजनिक धर्मादायाच्या कारभारासंबंधीचे दावे जिल्हा न्यायालयात किंवा हायकोर्टातच लावावे असे ठरले. सबब असा दावा तालुक्याच्या कोर्टात चालण्यासारखा नव्हता. १८८२ च्या संहितेत कलम ५७ अन्वये वादपत्र योग्य कोर्टात नेण्यासाठी परत देण्याची व कलम ५८८ अन्वये त्या हुकुमावर अपिलाची तरतूद होती. १९०८ च्या संहितेत तीच आदेश ७ नियम १० व आदेश ४३ नियम १ मध्ये आली. ती आजही लागू आहे.

परत देणे म्हणजे फेटाळणे नव्हे. न्यायाधीश वादपत्रावर दाखल केल्याची व परत दिल्याची तारीख, पक्षकाराचे नाव व थोडक्यात कारण लिहितात. त्यानंतर वादीस दोन मार्ग असतात. एक, ते योग्य कोर्टात दाखल करणे. दुसरा, हुकूम चुकीचा वाटल्यास अपील करणे. त्याची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस व हायकोर्टात ९० दिवस आहे. पहिल्या कोर्टात प्रामाणिकपणे व दक्षतेने घालविलेला काळ १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील कलम १४ अन्वये वगळून मिळतो.

१९७६ च्या दुरुस्तीने नियम १०-अ आला. प्रतिवादी हजर झाल्यावर कोर्टाचे मत वादपत्र परत देण्याचे झाले, तर वादी योग्य कोर्टाचे नाव सांगून तेथील तारीख मागू शकतो. मग प्रतिवादीस पुन्हा समन्स काढावे लागत नाही. मात्र ही सोय घेतल्यास अपिलाचा हक्क जातो. म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वीच विचार करावा.

महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार, मिळकत न्यासाची आहे की नाही याची चौकशी धर्मादाय उप किंवा सहायक आयुक्त करतात. त्यांच्या अखत्यारीतील प्रश्नांस कलम ८० ने दिवाणी कोर्टाचा दरवाजा बंद केला आहे. तेव्हा विश्वस्तांनी आधी योग्य दरवाजा कोणता ते विचारावे, आणि कागद परत आला तर तारीख पाहून मुदतीत पाऊल उचलावे. श्रींच्या मिळकतीचे रक्षण हीही श्रींची सेवाच होय.