बुडालेलं राज्य आणि टपोऱ्या डोळ्यांचा लिंक

निन्टेंडोची 'झेल्डा' ही गेमची मालिका १९८६ पासूनची. तिच्यातल्या 'विंड वेकर' या भागाची जन्मकथा मला फार आवडते, म्हणून आज तीच. (गेम न खेळणाऱ्या काका-मावश्यांनी पळून जाऊ नये, सगळं समजेल असंच लिहितोय!)

२००० साली जपानमधल्या 'स्पेस वर्ल्ड' प्रदर्शनात निन्टेंडोने आपल्या येऊ घातलेल्या गेमक्यूबची ताकद दाखवायला एक छोटीशी झलक दाखवली. तरणाबांड लिंक, समोर खलनायक गॅननडॉर्फ, तलवारीला तलवार भिडतेय. झालं! पुढचा झेल्डा असाच असणार, हे चाहत्यांनी ठरवूनच टाकलं. वर्षभराने, २००१ च्या प्रदर्शनात, पडद्यावर आला तो मोठ्या डोक्याचा, टपोऱ्या डोळ्यांचा, थेट कार्टूनमधून उतरलेला पोरगेला लिंक. चाहते खवळले. ही सपाट रंगांची पद्धत म्हणजे 'सेल शेडिंग', म्हणून गेमला 'सेल्डा' म्हणून चिडवायला लागले.

दिग्दर्शक एइजी आओनुमा आणि मंडळी मात्र बधली नाहीत. १३ डिसेंबर २००२ ला गेम जपानमध्ये आला आणि 'फामित्सू' या तिथल्या मासिकाने ४० पैकी ४० गुण दिले.

आता गोष्ट. (शेवट सांगणार आहे, नंतर भांडू नका.) लिंक एका बोलक्या होडीत बसून बहिणीला सोडवायला निघतो. छडी फिरवून वाऱ्याची दिशा बदलायची, शीड उभारायचं, निघायचं. नकाशात ७ गुणिले ७ असे ४९ चौकोन, प्रत्येकात निदान एक बेट आणि मधे नुसतं पाणी. पुढे कळतं की या पाण्याखाली जुन्या झेल्डांमधलं हायरूल राज्य बुडालंय आणि होडी म्हणजे त्याचाच राजा! गॅननडॉर्फला ते राज्य परत हवंय. राजाचाही जीव त्यातच अडकलेला. पण शेवटी वर मागायची वेळ येते तेव्हा तो मागतो, की हे कायमचं बुडू दे आणि या पोरांना पुढचे दिवस मिळू देत. आणि स्वतः खालीच राहतो.

गंमत बघा, चाहते बाहेर ओरडत होते 'आमचं जुनं हायरूल द्या' आणि आत गेम सांगत होता की ते बुडालंय, आता सोडा. हे मुद्दाम केलेलं नसावं. पण म्हणूनच तो बालिश चेहरा मला इथे अगदी योग्य वाटतो. ज्याला मागचं काही आठवतच नाही, त्याचाच चेहरा हवा होता.

दोष आहेतच. वेळ कमी पडला म्हणून दोन अख्खी भुयारं गाळली गेली आणि शेवटी समुद्रतळातून तुकडे उपसायचं काम लांबवलं गेलं. अगदी रटाळ! २०१३ च्या वी यू आवृत्तीत ते कमी केलं आणि वेगवान शीडही दिलं.

चाहत्यांना हवा होता तो 'खराखुरा' लिंक २००४ मध्ये अमेरिकेतल्या ई-३ प्रदर्शनात दाखवला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. तो गेम, 'ट्वायलाइट प्रिन्सेस', २००६ मध्ये आला. आज तोच जास्त जुनाट दिसतो, असं माझं मत.

जून २०२५ पासून मूळ विंड वेकर स्विच २ वर वर्गणीदारांना खेळता येतो. माझ्या भाच्याने परवाच सुरू केलाय. "मामा, इथे नुसता समुद्रच का रे?" म्हणून विचारत होता. पाण्याखाली काय आहे, ते मी त्याला सांगितलेलं नाही.