‘मीटिंग’ची कुळकथा

संध्याकाळी शाळेचा एखादा वर्ग किंवा चर्चमागची खोली उघडते. दहा-पंधरा माणसं येऊन बसतात. एक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, “मी अल्कोहोलिक आहे.” मग आपली गोष्ट सांगतो. मधे कोणी बोलत नाही, नंतर कोणी सल्ला देत नाही. मराठी बोलणारेही याला मीटिंगच म्हणतात. या साध्या रिवाजाने असंख्य घरं सावरली आहेत, म्हणून त्याचं कूळ शोधायला हवं.

त्याचा एक पूर्वज 1840 सालचा. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्या मित्रांनी गुत्त्यातच बसून दारू सोडण्याची शपथ घेतली आणि ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची संघटना काढली. तिच्या सभांत पिणारे स्वतःची कहाणी सांगत. 22 फेब्रुवारी 1842 रोजी तरुण अब्राहम लिंकननेही स्प्रिंगफील्डच्या शाखेपुढे भाषण केलं. चळवळ वाऱ्यासारखी पसरली, पण दारूबंदीच्या राजकारणात आणि सुधारकांच्या वादांत ओढली गेली. दहा वर्षांच्या आत ती विरून गेली.

दुसरा पूर्वज म्हणजे फ्रँक बुकमन यांचा ऑक्सफर्ड ग्रुप. हे ख्रिस्ती मंडळ दारूसाठी नव्हतं. छोट्या गटात आपले दोष कबूल करायचे, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची आणि दुसऱ्याला मदत करायची, ही त्याची शिकवण. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन दारूने खलास होत आला होता. या गटामुळे दारूपासून दूर झालेला त्याचा जुना मित्र 1934 च्या नोव्हेंबरात त्याला भेटायला आला. डिसेंबरात बिल पुन्हा रुग्णालयात दाखल झाला आणि त्यानंतर कधीच प्यायला नाही.

पुढचे पाच महिने तो दिसेल त्या दारुड्याला उपदेश करत फिरला. एकही सुधारला नाही. त्याची पत्नी लॉइस हिने मात्र एक गोष्ट हेरली: तो स्वतः प्यायला नव्हता. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सिल्कवर्थ यांनी सांगितलं, प्रवचन बंद कर, आजाराबद्दल बोल.

मे 1935. धंद्याचा एक डाव फसून बिल ओहायोतल्या ॲक्रन गावी, हॉटेलात एकटा होता. एका बाजूला बार गजबजलेला. आपण आता पिणार, या भीतीने तो फोनकडे वळला आणि चर्चच्या पाद्र्यांमार्फत गावातल्या एखाद्या दारुड्याचा पत्ता शोधू लागला. त्याला दारू नको होती, दारुडा हवा होता! 12 मेच्या संध्याकाळी त्याची भेट झाली शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर रात्री अकरापर्यंत बसले. उपदेश त्यांनी पुष्कळ ऐकले होते. हा मात्र स्वतःचीच गोष्ट सांगत होता. मधे एकदा डॉक्टर घसरले, पण 10 जून 1935 नंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, हाच आपला जन्मदिवस मानते. त्या दोघांची पहिली भेट, हीच पहिली मीटिंग.

1939 साली संस्थेचं पुस्तक निघालं आणि त्याचंच नाव संस्थेला मिळालं. देवाचा उल्लेख आला तिथे ‘ज्याला जसा समजला तसा’ अशी सवड ठेवली. 1950 मध्ये क्लीव्हलँडला ‘बारा परंपरा’, म्हणजे संस्थेची तत्त्वं, मंजूर झाली. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. फी नाही, बाहेरची देणगी नाही, राजकीय मत नाही, प्रसिद्धीत नाव नाही. वॉशिंग्टोनियन ज्या खड्ड्यात पडले, तो इथे बुजवलेला दिसतो. 1951 साली लॉइसच्या पुढाकाराने कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन सुरू झाली.

भारतात एए आली 1957 मध्ये. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, आणि व्यसन हा आजार आहे, हे मराठी घरांत बोललं जाऊ लागलं. आपल्याकडे दारू सोडवायला शपथ घालतात, माळ घालायला लावतात. माळ जन्मभराची असते. मीटिंग फक्त आजचा दिवस मागते, आणि उद्या पुन्हा बोलावते.

वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यानुसार सलग दारूमुक्त राहण्यात एए आणि तिच्याकडे नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा बहुधा सरस ठरतात. तरी वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा.

मग जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात किंवा एएच्या हेल्पलाइनवर मीटिंगचा पत्ता विचारा. खुल्या मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं. पहिल्या दिवशी बोलायलाच हवं असं नाही. एक गट रुचला नाही तर दुसरा पाहा. बिलने त्या दिवशी एकामागून एक फोन लावले, तेव्हा कुठे एक लागला. तुम्हीही लावत राहा.